तोडणीचा पैसा आमच्या बिलातून कापला जातो. तो तोडणाऱ्याच्या खात्यात का पोहोचत नाही?

प्रति,
सोलापूर जिल्ह्यातील सर्व सहकारी व खासगी साखर कारखान्यांचे अध्यक्ष, संचालक मंडळांचे सदस्य आणि कार्यकारी संचालक यांस,

विषय : ऊसतोड मजुरांची नोंदणी, मजुरी आणि फडावरील सोयी यांविषयी पुढील दरकरारापूर्वी निर्णय घेण्याची विनंती.

सप्रेम नमस्कार.

मी माढा तालुक्यातील ऊस उत्पादक शेतकरी आणि एका सहकारी साखर कारखान्याचा सभासद आहे. भीमेवर उजनीचे धरण झाले, कालव्यांना पाणी आले आणि ज्या रानात आमचे वाडवडील पावसाच्या भरवशावर शाळू पेरीत होते, तिथे ऊस उभा राहिला. राज्यात सर्वाधिक साखर कारखाने असलेला जिल्हा म्हणून आज सोलापूरचे नाव घेतले जाते, याचा अभिमान आपल्याइतकाच मलाही आहे. कारखानदारीतला एक भागधारक या नात्याने आणि माझ्या रानातला ऊस ज्यांच्या हातांनी तोडला जातो त्यांच्याविषयी माझ्यावर काही जबाबदारी येते, या जाणिवेने हे पत्र मी जाहीरपणे लिहीत आहे.

पत्राला निमित्त दरकराराचे आहे. जानेवारी 2024 मध्ये पुण्यात झालेल्या बैठकीत श्री. शरद पवार आणि श्रीमती पंकजा मुंडे यांच्या मध्यस्थीने ऊसतोडणीच्या दरात 34 टक्के वाढ ठरली. टनाला 273 रुपयांच्या आसपास असलेला दर 366 रुपयांच्या घरात गेला, मजुरांची टोळी जमवून आणणाऱ्या मुकादमाचे कमिशन 19 टक्क्यांवरून 20 टक्के झाले आणि हा करार 2023-24 पासून तीन हंगामांसाठी करण्यात आला. त्याआधी ऑक्टोबर 2020 मध्ये 14 टक्क्यांची वाढ झाली होती. 2025-26 च्या गाळपाबरोबर 2024 च्या कराराची मुदत संपते आणि पुन्हा एकदा संघटना, साखर संघ आणि लवाद यांच्यात टक्केवारीची बोलणी होतात. टक्केवारी महत्त्वाची आहेच, आणि मागची वाढ संपावर गेलेल्या मजुरांनी झगडून मिळवलेली आहे. परंतु आजवरच्या प्रत्येक करारात एक गोष्ट राहून गेली आहे. दर टनाला ठरतो. तो दर नेमक्या कोणत्या माणसाला, कोणाच्या नावावर, कोणत्या हिशेबाने आणि कोणाच्या जबाबदारीवर मिळावयाचा, हे मात्र ठरत नाही. माझी विनंती एवढीच आहे की पुढचा दर ठरण्यापूर्वी आपण हे ठरवावे.

हे विचारण्याचा अधिकार आम्हा शेतकऱ्यांना आमच्या ऊसबिलाने दिला आहे. केंद्र सरकारने 2025-26 च्या हंगामासाठी 10.25 टक्के साखर उताऱ्याला टनाला 3,550 रुपये एफआरपी, म्हणजे उसाचा रास्त व किफायतशीर दर, जाहीर केली. ही रक्कम आमच्या हातात जशीच्या तशी येत नाही. तिच्यातून सरासरी तोडणी व वाहतूक खर्च वजा होतो आणि मगच उरलेली रक्कम बँकेत जमा होते. म्हणजे तोडणीचा खर्च कारखान्याच्या वहीत दिसत असला तरी तो शेतकऱ्याच्या उसातून निघालेला पैसा आहे. वर्षानुवर्षे आम्ही या कपातीचा आकडा जास्त का झाला म्हणून सर्वसाधारण सभेत भांडत आलो. त्या आकड्यातले किती रुपये कोयता चालवणाऱ्या माणसापर्यंत पोहोचले, हे मात्र क्वचितच कोणी विचारले. ज्याच्या पैशाने मजुरी दिली जाते त्याने ती मजुरी पोहोचली की नाही हे विचारावे, यात गैर काही नाही.

पैसा कसा जातो हे आपण जाणताच, पण हे पत्र वाचणाऱ्या शहरातील वाचकांसाठी सांगतो. कारखाना करार करतो तो तोडणी-वाहतूक ठेकेदाराशी, म्हणजे बहुतेक वेळा ट्रॅक्टर किंवा ट्रकच्या मालकाशी. त्याला हंगामाआधी कारखान्याकडून किंवा कारखान्याच्या हमीवर बँकेकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, मिळते. तो ती मुकादमाला देतो, आणि मुकादम बीड, अहिल्यानगर, जालना, परभणी किंवा आपल्याच मंगळवेढा-सांगोल्याच्या कोरडवाहू गावांतील जोडप्यांना वाटतो. हंगामात दर पंधरवड्याला बिल निघते ते ठेकेदाराच्या नावाने. जोडप्याच्या हातात पडते ती आठवडी बाजारापुरती खर्ची, आणि खरा हिशेब होतो तो पट्टा पडल्यानंतर, म्हणजे हंगाम संपल्यावर, मुकादमाच्या वहीवर. ज्या मजुरांनी सहा महिने ऊस तोडला त्यांनी एकूण किती टन तोडला याचा कागद त्यांच्याजवळ नसतो. वजनकाट्याची चिठ्ठी गाडीबरोबर जाते आणि गाडीबरोबरच राहते. खाडा झाला तर दंड लागतो, बैल आजारी पडला, मूल तापले, पाऊस झाला, कारखान्यात ऊस टाकतात त्या गव्हाणीत बिघाड होऊन गाड्या थांबल्या तर तो दिवस बिनमजुरीचा जातो, आणि हे सारे एका वहीत एकाच माणसाच्या हस्ताक्षरात लिहिले जाते. शेवटी बाकी फिरते, म्हणजे मजुराकडेच येणे निघते, आणि ते फेडण्यासाठी पुढचा हंगाम त्याच मुकादमाकडे बांधला जातो.

आता मजुरीचा हिशेब करून पाहावा. डोकी सेंटरवर, म्हणजे जिथे मोळ्या डोक्यावरून वाहून गाडी भरतात तिथे, एक जोडपे पहाटेपासून संध्याकाळपर्यंत राबून दीड ते दोन टन ऊस तोडते, पाचट काढते, मोळ्या बांधते आणि डोक्यावरून वाहून फळीवरून गाडीत चढवते. 366 रुपयांच्या दराने दीड टनाचे 549 रुपये आणि दोन टनांचे 732 रुपये होतात. ते दोघांत वाटले तर माणशी 275 ते 366 रुपये पडतात. राज्यात रोजगार हमीच्या कामाचा दर 2025-26 साठी दिवसाला 312 रुपये होता. म्हणजे ज्या दिवशी ऊस आडवा पडलेला असेल, रान ओले असेल किंवा गाडी उशिरा येईल, त्या दिवशी राज्यातील सर्वांत कष्टाच्या कामाची मजुरी खडी फोडण्याच्या आणि माती टाकण्याच्या सरकारी दराखाली जाते. गाडी रात्री अकराला आली तरी ती भरावी लागते, आणि त्या रात्रीच्या तासांचा वेगळा पैसा कोठेही लिहिला जात नाही. मुकादमाला मात्र त्याच टनावर 20 टक्के, म्हणजे 73 रुपये मिळतात. मुकादमाचे काम फुकटचे आहे असे मी म्हणत नाही. माणसे जमवणे, त्यांची ने-आण करणे आणि टोळी सांभाळणे हे कष्टाचे व जोखमीचे काम आहे. पण त्याच्या कमिशनचा टक्का करारात लिहिला जातो, आणि मजुराच्या सुट्टीचा, दवाखान्याचा, रात्रपाळीचा एक शब्दही लिहिला जात नाही, ही विसंगती आपल्यासारख्या अनुभवी माणसांच्या लक्षात आली नसेल असे मला वाटत नाही.

या हिशेबात सर्वांत मोठा अन्याय बाईवर होतो, आणि त्याविषयी मी थोडे विस्ताराने लिहिणार आहे. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो आणि माणूस एकटा असेल तर अर्धा. उचल कोयत्याला दिली जाते, नाव नवऱ्याचे लागते, अंगठा किंवा सही नवऱ्याची होते. बाई तोडते तितकेच, काही कामे तर तिचीच असतात. मोळी बांधणे तिचे, डोक्यावरून वाहणे तिचे, भल्या पहाटे उठून चूल पेटवणे तिचे आणि रात्री गाडी भरून झाल्यावर दुसऱ्या दिवसाचे पाणी भरणेही तिचेच. तरीही आपल्या कोणत्याही नोंदवहीत ती मजूर म्हणून अस्तित्वात नाही. नवरा हंगामाच्या मध्यात वारला किंवा तिला सोडून गेला तर तिने केलेल्या कामाचा पुरावा तिच्याजवळ नसतो. त्याने घेतलेल्या उचलीचे ओझे मात्र तिच्याकडे येते. घेणेकऱ्याला तिचे नाव सापडते, देणेकऱ्याला सापडत नाही.

तिच्या शरीराचे काय होते, हे 2019 मध्ये साऱ्या देशाने वाचले. बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न विधिमंडळात आला, डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि 82,309 महिलांच्या सर्वेक्षणात 13,861 महिलांचे गर्भाशय काढलेले आढळले. ही बीडची गोष्ट आहे, सोलापूरची नव्हे, असे आपल्यापैकी कोणी म्हणू नये, कारण त्या महिला वर्षातील पाच-सहा महिने पश्चिम महाराष्ट्रातील आणि सोलापुरातील फडांतच असतात. फडावर संडास नाही, न्हाणीघर नाही, पाळीच्या दिवसांत कपडा बदलायला आडोसा नाही, कालव्याच्या पाण्यावर भागवावे लागते आणि एक दिवस बसले तर खाडा पडतो. अशा परिस्थितीत पोटात दुखू लागलेली पंचविशी-तिशीतील बाई गावाकडच्या खासगी दवाखान्यात जाते, आणि पिशवी काढून टाकली की कटकट मिटेल असा सल्ला तिला मिळतो. त्या सल्ल्याला डॉक्टर जबाबदार आहेत हे खरे. पण तो सल्ला तिला पटावा अशी अवस्था आमच्या शेतात तयार होते. माझ्या रानाच्या बांधावर हंगामात मजुरांच्या कोप्या, म्हणजे पाचटाच्या झोपड्या, पडतात तेव्हा मी त्यांना विहिरीचे पाणी देतो, विजेचा एखादा दिवा देतो, आणि बहुतेक शेतकरी एवढे करतातच. मात्र शेकडो टोळ्यांना पुरेल अशी व्यवस्था एकेकट्या शेतकऱ्याच्या चांगुलपणावर सोडता येत नाही. ती कारखान्यानेच करायची असते.

यावर आपले ठरलेले उत्तर मला माहीत आहे. तोड मजूर हा कारखान्याचा कामगार नाही, आमचा करार ठेकेदाराशी आहे, असे आपण सांगता. कारखान्याच्या गेटच्या आत काम करणाऱ्या साखर कामगारांचे वेतन त्रिपक्षीय समितीत ठरते, त्यात शासन बसते, त्यांना भविष्य निर्वाह निधी आहे, ग्रॅच्युइटी आहे. गेटच्या बाहेर, त्याच कारखान्याच्या गाळपासाठी, त्याच कारखान्याच्या तोडणी कार्यक्रमाप्रमाणे आणि त्याच कारखान्याच्या शेतकी विभागाने दाखवलेल्या फडात काम करणारा माणूस कोणाचा कामगार आहे, या प्रश्नाला उत्तर नाही. कोणत्या गावात, कोणत्या गटातला ऊस आज तोडायचा हे तोडीची चिठ्ठी देणारा चिटबॉय सांगतो. चिटबॉय कारखान्याचा नोकर आहे. काम कोठे, केव्हा आणि किती करायचे हे ज्याच्या हुकमाने ठरते तोच मालक, असे साधी व्यवहारबुद्धी सांगते.

सोलापुरात हे उत्तर टिकू नये याला एक खास कारण आहे. या शहराने नेमका हाच वाद एकदा विडी कामगारांच्या बाबतीत पाहिला आहे. विडी वळणारी बाई कारखान्यात बसत नव्हती. ती पूर्व भागातल्या आपल्या खोलीत बसून पानाला कात्री लावत होती, तंबाखू भरत होती, आणि मधल्या माणसामार्फत माल पोचवत होती. मग ती कंपनीची कामगार कशी? विडी आणि सिगार कामगारांच्या सेवाशर्तींच्या 1966 च्या कायद्याने या प्रश्नाचे उत्तर दिले : घरी बसून काम करणारीही कामगारच, आणि ठेकेदार मधे असला तरी मूळ मालकाची जबाबदारी सुटत नाही. 1976 मध्ये विडी कामगारांच्या कल्याणासाठी उपकर आला. त्या ओळखीच्या बळावर सोलापूरच्या बाया संघटित झाल्या, आणि कामगार नेते श्री. नरसय्या आडम मास्तर यांच्या नेतृत्वाखाली कुंभारीच्या माळावर कॉम्रेड गोदुताई परुळेकर यांच्या नावाने विडी कामगार महिलांची 10,000 घरांची वसाहत उभी राहिली. त्याच कुंभारीजवळ असंघटित कामगारांसाठी 30,000 घरांचे रे नगर झाले आणि त्यातील 15,000 घरे 19 जानेवारी 2024 रोजी पंतप्रधानांच्या हस्ते हस्तांतरित झाली. विडी धंद्याच्या आजच्या अडचणी मला ठाऊक आहेत, आणि तिथल्या बायांचे सारे प्रश्न सुटले असे मी म्हणणार नाही. पण घर मिळाले, निधी मिळाला, कारण आधी कार्ड मिळाले, आणि कार्ड मिळाले कारण ती कोणाची कामगार हे कायद्याने ठरवले. ज्या जिल्ह्याने हे करून दाखवले त्याच जिल्ह्यात ऊस तोडणाऱ्या बाईला मात्र कोणीच आपली म्हणू नये, हे मला अत्यंत खेदजनक वाटते. माथाडी कामगारांसाठी तर आपल्या राज्याने 1969 मध्येच देशाला मार्ग दाखवला. तिथे मालक आणि हमाल दोघांची नोंदणी मंडळाकडे होते, मजुरी आणि लेव्ही मंडळाकडे भरली जाते आणि मंडळ ती कामगाराला देते. हमाल पाच दुकानांत पोती उचलतो म्हणून तो कोणाचाच नाही, असे तिथे कोणी म्हणत नाही.

ऊसतोड मजुरांसाठीही लोकनेते गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने कल्याण महामंडळ स्थापन झाले आहे. गाळप होणाऱ्या प्रत्येक टनामागे 10 रुपये कारखान्यांनी द्यावेत आणि तितकाच वाटा शासनाने उचलावा, असे त्याचे सूत्र आहे. 10 लाख टन गाळप करणाऱ्या कारखान्याचा वाटा एका हंगामाला 1 कोटी रुपये होतो. ही रक्कम वेळेवर भरावी, आणि आपल्या कारखान्याने आजवर किती भरली व किती थकवली हे वार्षिक अहवालात स्वतंत्र ओळीत छापावे, अशी सभासद म्हणून माझी मागणी आहे. मजुरांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा यांच्या नावाने 41 तालुक्यांत 82 वसतिगृहांची योजना शासनाने केली, तीही चांगली आहे. पण मुले गावाकडे वसतिगृहात राहतील अशी व्यवस्था सर्वांपर्यंत पोहोचेपर्यंत आपल्या तळांवर, म्हणजे टोळ्या उतरतात त्या जागी, जी मुले येतात त्यांचे काय करायचे, याचे उत्तर आपल्यालाच द्यावे लागेल. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याला मुलाचा पत्ता बदलला म्हणून सुट्टी मिळत नाही. पूर्वी काही कारखान्यांच्या तळांवर या मुलांसाठी साखरशाळा भरत. त्या पुन्हा भरवणे अशक्य नाही, आणि जिथे जिल्हा परिषदेची शाळा जवळ आहे तिथे तळापासून शाळेपर्यंत एक गाडी सोडणे तर त्याहून सोपे आहे.

मुले फडात असण्याचा अर्थ करमाळा तालुक्याने पाहिला आहे. डिसेंबर 2020 मध्ये बिबट्याने तिथे तिघांचा जीव घेतला, आणि त्यांपैकी एक ऊसतोड मजुराची लहान मुलगी होती. त्यानंतर बिबट्याला मारले गेले आणि चर्चा थांबली. आई-बाप फडात असताना मूल बांधावर का असते, हा प्रश्न त्या चर्चेत कोणी फारसा विचारला नाही. कोपीला लागणारी आग, साप, उघडी विहीर आणि रात्रीच्या रस्त्यावर रिफ्लेक्टर नसलेली उसाची ट्रॉली, या सगळ्यांत दर हंगामात माणसे मरतात. बातमीत त्यांना ऊसतोड मजूर म्हटले जाते, आणि भरपाईच्या वेळी ते कोणाचेच नसतात.

उचलीविषयी मला दोन्ही बाजू मांडल्या पाहिजेत, कारण या विषयात आमच्याच गावांतील वाहनमालक पोळले आहेत. मुकादम लाखो रुपये उचल घेऊन टोळी आणत नाही, दोन-तीन कारखान्यांकडून एकाच टोळीवर पैसे घेतो, आणि कर्ज काढून ट्रॅक्टर घेतलेला तरुण बुडतो, हे खोटे नाही. पोलीस ठाण्यांत अशा तक्रारी पडून आहेत. पण या फसवणुकीतून सुटण्याचा मार्ग म्हणून मजुरांना कोंडून ठेवणे, मुकादमाला उचलून नेणे, बाई-मुलांना तळावरून हलू न देणे असे प्रकार जेव्हा घडतात, तेव्हा आपण 1976 च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याच्या हद्दीत शिरलेलो असतो. कर्जाच्या बदल्यात माणसाला काम करायला भाग पाडणे हा त्या कायद्याने गुन्हा आहे, मग त्याने कागदावर सही केलेली असो वा नसो. 1982 मध्ये एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने याहून पुढे जाऊन सांगितले की किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर काम करून घेणे हीसुद्धा संविधानाच्या अनुच्छेद 23 ने मना केलेली सक्तीची मजुरी आहे. ऊसतोड मजुरांच्या स्थितीची 2023 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, ती याच पार्श्वभूमीवर. वाहनमालकाचे आणि मजुराचे नुकसान एकाच ठिकाणाहून होते, आणि ते ठिकाण म्हणजे नोंद नसलेली, रोखीत फिरणारी उचल. प्रत्येक मजुराची आधारसह नोंदणी झाली, उचल थेट त्याच्या आणि तिच्या खात्यात गेली, आणि जिल्ह्यातील सर्व कारखान्यांनी ती यादी एकमेकांना दाखवली, तर एकाच टोळीवर तीन ठिकाणी पैसे उचलता येणार नाहीत. मजुरांच्या हिताची ही व्यवस्था वाहनमालकालाही वाचवणारी आहे, म्हणून तिला विरोध करण्याचे कारण मला दिसत नाही.

आम्हा शेतकऱ्यांच्याही वागण्याविषयी लिहिल्याशिवाय हे पत्र पुरे होणार नाही. टोळी फडात आली की खुशाली, म्हणजे वरचे पैसे, द्यावी लागते, गाडीलाही तशीच एन्ट्री द्यावी लागते, नाहीतर ऊस मागे राहतो, अशी आमची तक्रार असते आणि ती खरी आहे. त्या रागात आम्ही मजुरांना लुटारू म्हणतो. वास्तविक जी मजुरी सरळ मार्गाने पुरेशी मिळत नाही ती वाकड्या मार्गाने, आणि तीही बहुधा मधल्या माणसांच्या खिशात, जाते. मजुराला पुरा दर वेळेवर आणि हिशेबाने मिळाला, तर खुशाली मागणाऱ्यावर कडक कारवाई करण्याचा नैतिक अधिकार आपल्याला आणि आम्हाला मिळेल. दरवाढ झाली की तिचा बोजा शेतकऱ्यावर पडतो, असे आपण प्रत्येक वेळी सांगता. एफआरपीतून कपात होते तोवर ते काही अंशी खरे आहे. पण उसापासून आज साखर, इथेनॉल, वीज, मळी, बगॅस असे सारे निघते. साखरेचा किमान विक्री दर 2019 मध्ये 31 रुपये किलो ठरवला गेला आणि त्याच्या वाढीसाठी आपण दिल्लीत आग्रह धरता, तेव्हा आम्ही आपल्यामागे उभे राहतो. त्याच आग्रहात तोडणी मजुरीचा खर्च स्पष्टपणे मांडला जावा. शेतकऱ्याला पुढे करून मजुराची वाढ अडवू नये, एवढीच विनंती आहे. आम्ही ती ढाल होऊ इच्छीत नाही.

यंत्राचे उत्तरही पुढे केले जाते. 2023 मध्ये 900 ऊसतोडणी यंत्रांसाठी अनुदान योजना आली, त्यात यंत्राच्या किमतीच्या 40 टक्के किंवा 35 लाख रुपये, यांपैकी जी कमी असेल ती रक्कम मिळते. यंत्र येणारच, आणि कंबर मोडणारे काम यंत्राने केले तर मला आनंदच आहे. परंतु लहान तुकड्यांत, अरुंद सरीत आणि आडव्या पडलेल्या उसात यंत्र अजून चालत नाही, म्हणून पुढची कित्येक वर्षे हात लागणारच आहेत. यंत्राच्या मालकाला नोंदणी, करारपत्र आणि बँकेत जमा होणारे बिल मिळते. हाताने तोडणाऱ्यालाही तेच मिळावे.

आता मागणी नेमक्या शब्दांत मांडतो. पुढील हंगामाच्या बॉयलर अग्निप्रदीपनापूर्वी, म्हणजे गाळप सुरू होण्याआधी, प्रत्येक कारखान्याने आपल्या कार्यक्षेत्रात येणाऱ्या सर्व ऊसतोड मजुरांची, पुरुष आणि स्त्री यांची वेगवेगळी, नोंदणी करावी आणि दोघांनाही कारखान्याच्या नावाचे ओळखपत्र द्यावे. तोडणीची मजुरी पंधरवड्याला जोडप्याच्या दोन खात्यांत निम्मी-निम्मी जमा करावी, आणि ठेकेदाराचे भाडे व मुकादमाचे कमिशन त्यातून वेगळे काढून त्यांच्या खात्यात द्यावे. आता बऱ्याच कारखान्यांत उसाची गाडी काट्यावरून उतरली की वजनाचा संदेश शेतकऱ्याच्या मोबाइलवर येतो. तोच संदेश ज्या टोळीने ती गाडी भरली तिच्यातील प्रत्येक कोयत्याच्या दोन्ही मोबाइलवर जावा. याला नवे यंत्र लागत नाही, फक्त दोन क्रमांक नोंदवावे लागतात. प्रत्येक तळावर फिरते संडास, पिण्याचे पाणी, दिवे आणि आठवड्यातून एकदा महिला डॉक्टरची भेट असावी, आणि पाळी, बाळंतपण किंवा आजार यांसाठी खाडा लावू नये, असे करारातच लिहावे. रात्री दहानंतर गाडी भरून घेतल्यास त्याचा वेगळा दर द्यावा. अपघातात मजूर दगावला तर पहिली मदत कारखान्याने त्याच आठवड्यात द्यावी आणि विम्याची रक्कम आल्यावर ती वळती करून घ्यावी. वारसाने महिनोन्महिने पुण्याला हेलपाटे घालू नयेत.

यातले बरेचसे एका कारखान्याने एकट्याने केले तर मजूर आणि मुकादम दुसरीकडे वळतील, अशी भीती आपल्याला वाटेल, आणि ती अनाठायी नाही. म्हणूनच हे पत्र मी एका कारखान्याला न लिहिता जिल्ह्यातील सर्वांना लिहिले आहे. पंढरपूर, माळशिरस, माढा, करमाळा, मोहोळ, मंगळवेढा, बार्शी, अक्कलकोट आणि दोन्ही सोलापूर तालुक्यांतील कारखान्यांनी एकत्र बसून एक सामाईक नियमावली केली, तर राज्याच्या पुढच्या करारात ती आपोआप पाया बनेल, आणि राज्याला ती आपल्या जिल्ह्याकडून मिळालेली असेल. जिल्हाधिकारी, कामगार उपायुक्त आणि साखर सहसंचालक यांनाही या बैठकीस बोलवावे.

माझ्या कारखान्याच्या येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत या विषयाचा ठराव मी रीतसर सूचनेसह मांडणार आहे आणि इतर कारखान्यांच्या सभासदांनाही तसे करण्याची विनंती करीत आहे. त्या सभेपूर्वी, वरील प्रत्येक मागणीवर आपल्या संचालक मंडळाने काय ठरवले, कोणती मागणी मान्य आहे आणि कोणती अमान्य असल्यास का, याचे लेखी उत्तर सभासदांना पाठवावे आणि ते कारखान्याच्या सूचना फलकावर लावावे.

आपला,
एक ऊस उत्पादक सभासद
माढा तालुका, जिल्हा सोलापूर